दाभण लावलेली गुराब आणि दोरी नेणारी नाव



मागच्या रविवारी सातनाल्याच्या काठावर जी गर्दी झाली, तिच्याबद्दल चार दिवस झाले फोन थांबत नाहीत. कोणी विचारते, "सेक्रेटरी साहेब, संस्थेच्या पैशातून खेळणी घेतली म्हणे?" कोणी विचारते, "ते बुडालेलं जहाज सापडलं का?" दोन्हीचं उत्तर आधी देतो. संस्थेच्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नाही, पोरांनी आणि आम्ही मिळून वर्गणी केली. आणि जहाज सापडलं. पहिल्यांदा कसं सापडलं ती गोष्ट पुढे येईलच.

झालं असं की मागच्या श्रावणात आपले एक सभासद काका थर्माकोलच्या तराफ्यावरून पडले. नाव लिहित नाही, सगळ्यांना माहीत आहे. तंगूस जाळं पाण्याखालच्या खुंटाला अडकलं होतं. धरण भरायच्या आधीची झाडं आहेत ती, आपल्या सगळ्यांची जाळी त्यांनी फाडलेली आहेत. काका उभे राहून ओढायला गेले, तराफा एका बाजूने दबला आणि काका पाण्यात. तराफा हातात राहिला म्हणून वाचले. पण वारा उलटा होता, काठ समोर दिसत होता आणि तराफा आत आत चालला होता. काठावर आम्ही सात-आठ जण, नाव एकही नाही, दोरी आहे पण फेकून फेकून किती लांब जाणार? पंचवीस-तीस हात. दुसऱ्या काठावरून नाव येईपर्यंत पावणेदोन तास गेले. त्या पावणेदोन तासांत काकांच्या घरचे लोक काठावर उभे होते, ते आम्ही विसरू शकत नाही.

त्यानंतर मासिक सभेत लाइफ जॅकेटची चर्चा झाली, नेहमीसारखी. आणि सभा संपल्यावर बाहेर बसलेल्या पोरांपैकी एक, पॉलिटेक्निकला जातो तो, म्हणाला, "रिमोटची नाव करून तिच्या मागे दोरी बांधली तर?" आम्ही हसलो. मग घरी जाऊन झोप लागली नाही.

पोरांना मात्र दोरी न्यायची नुसती नाव करण्यात मजा नव्हती. त्यांनी मोबाईलवर लढाईची जहाजं पाहिली होती. खरं सांगायचं तर ती पाहून आम्हीही खुळावलो. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी काही हौशी लोकांनी हा खेळ सुरू केला. खऱ्या युद्धनौकेच्या १४४ पट लहान प्रतिकृती करायच्या, तळ्यात सोडायच्या आणि एकमेकांना खरोखर बुडवायच्या. जहाजाच्या बाजूला फासळ्या ठेवून मध्ये खिडक्या कापायच्या, त्या खिडक्यांवर बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची पापडासारखी पातळ चकती चिकटवायची. आत गॅसच्या दाबावर चालणारी तोफ, तीतून सायकलच्या बेअरिंगसारख्या बारीक स्टीलच्या गोळ्या सुटतात. पाण्याच्या रेषेवर भोक पडलं तर थोडे गुण, रेषेखाली पडलं तर जास्त. जहाज बुडालं की दोऱ्याला बांधलेला तरंगा वर येतो आणि मालक जहाज ओढून काढतो, नवीन चकती लावतो आणि पुन्हा लढायला तयार. इंग्लंडात स्कारबरो गावच्या पीझहोम बागेत तर १९२७ पासून तळ्यावर नकली नौदलाची लढाई दाखवतात, तिथली मोठी जहाजं इतकी मोठी की आत माणूस बसून चालवतो.

तोफेला आम्ही पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. काठावर लहान पोरं असतात, स्टीलची गोळी डोळ्यात गेली तर जबाबदार कोण? शिवाय त्या गोळ्या पाण्यात पडून राहणार, आपण त्याच पाण्यात अनवाणी उतरतो. पोरं दोन दिवस रुसली. मग त्यांनीच मार्ग काढला. कापसाच्या गाठोड्याचं पोतं शिवायचं दाभण जहाजाच्या नाकाला लावायचं, पाण्याच्या रेषेखाली, आणि समोरच्याला धडक द्यायची. खिडक्यांना बाल्साऐवजी पतंगाचा कागद, वरून वार्निशचे दोन हात. दाभण लागलं की भोक, भोक पडलं की पाणी. जुन्या काळी नाकाने ठोकर मारून जहाजं बुडवत, त्यातलंच हे.

आता जहाज कोणतं करायचं यावर वाद. एकाला जर्मन जहाज पाहिजे, एकाला विक्रांत. आम्ही म्हटलं, आपल्या मराठी मुलुखाचं करा ना. कान्होजी आंग्रे सरखेल, १७२९ ला वारले, त्यांच्या आरमारात गुराब नावाचं जहाज होतं. दोन डोलकाठ्या, मोठी असेल तर तीन. बूड उथळ, मध्ये पसरट आणि पुढे निमुळती होत गेलेली लांब, खाली झुकलेली नाळ. पुढच्या बाजूला दोन तोफा, त्या नाळेवरून समोर मारा करायच्या. सोबतीला वल्ह्यांची गलबतं असायची. वारा पडला की हीच गलबतं गुराबाला दोर लावून ओढत लढाईत न्यायची. १७५६ ला विजयदुर्ग पडला तेव्हा हे आरमार जळून गेलं. आमच्या पोरांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही, आम्हीही एकदाच पाहिला आहे, पण उथळ बूड आणि खाली झुकलेली नाळ हे दोन शब्द ऐकून सगळे गप्प झाले. काठाजवळ आपल्याला उथळच पाहिजे, आणि दाभण लावायला खाली झुकलेल्या नाकासारखी जागा दुसरी कोणती?

पहिली नाव थर्माकोलची केली. आपल्याकडे थर्माकोलची काय कमी. छान कोरून काढली, वरून फायबरचं रेझिन ओतलं, बोटी दुरुस्त करायला वापरतात तेच. पाच मिनिटांत तव्यावर लोणी सोडावं तसं थर्माकोल विरघळलं. आख्खी नाव आत बसली, वास सुटला, हाताला चिकट गोळा आला. पोरं हसत होती, आम्ही नाही हसलो. कारण आपले किती लोक थर्माकोलच्या तराफ्यावर पेट्रोलची बाटली घेऊन जातात? पेट्रोलने, थिनरने, रंगानेही थर्माकोल असंच खाल्लं जातं. वरून दिसत नाही, आत पोकळ होतं. ज्यांच्या तराफ्यावर तेल सांडलेलं आहे त्यांनी तो भाग दाबून पाहावा. रेझिन लावायचंच असेल तर आधी वर्तमानपत्राचे तीन-चार थर फेव्हिकॉलने चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.

दुसरी गुराब चार मिलिमीटर प्लायवूडची. आधी कणा, त्यावर अकरा फासळ्या, बुडाला आणि नाळेला फायबर, बाजूला खिडक्या. लांबी नव्वद सेंटीमीटर, रुंदी बावीस. वरची माडी आणि नाळेचं टोक पोनिकीच्या लाकडाचं. निर्मलची खेळणी ज्या लाकडाची होतात तेच, २०१६ ला जिल्हे वेगळे झाले तरी लाकूड आपलंच. इतकं मऊ आणि हलकं की भाजीच्या चाकूने कापलं जातं.

बॅटरी कुठून आणली? कापसावर फवारणी करायच्या पंपातली, बारा व्होल्टची. सव्वादोन किलोच्या आसपास वजन, आणि ते वजनच आम्हाला पाहिजे होतं. जहाज सरळ राहायला बुडाशी जे वजन टाकतात त्याला कोकणात नीरम म्हणतात. आमचं नीरम म्हणजे ही बॅटरी आणि जुन्या जाळ्याचे शिशाचे मणी. मोटर, तिचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, सुकाणू फिरवणारी छोटी सर्वो मोटर आणि सहा चॅनलचा रिमोट, हे ऑनलाइन मागवलं. रिमोट रिसीव्हरसकट पाच हजाराच्या आत आला. एका नावेचा सगळा खर्च साडेनऊ हजार. रिसीव्हर ठेवला डब्यात, जेवणाच्या घट्ट झाकणाच्या, वायर जिथून जाते तिथे सिलिकॉन. पंख्याचा दांडा पितळी नळीतून जातो, नळीत ग्रीस ठासून भरलं, नाहीतर तिथूनच पाणी येतं.

रिमोटच्या या लहरी पाण्यात शिरत नाहीत. त्यामुळे जहाज बुडालं की संपर्क तुटतो, आणि रिसीव्हर आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे मोटर बंद करतो. हे सांगून ठेवायला विसरू नका. आमची एक नाव संपर्क तुटल्यावर पूर्ण वेगात पलीकडच्या काठाला गेली होती, तिथे गुरं पाणी पीत होती. तसं पाहिलं तर लांबून नाव चालवायची ही कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे. निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला हौदात लोखंडी नाव सोडून बिनतारी यंत्राने फिरवून दाखवली होती.

आता पाणी किती येतं ते बघा. आत आलेलं पाणी फेकायला आम्ही गाडीच्या काचेवर पाणी मारायची छोटी मोटर बसवली. बादली लावून मोजलं तर मिनिटाला साधारण पावणेदोन लिटर फेकते. पाच मिलिमीटरचं एक भोक पाण्याखाली पाच सेंटीमीटरवर असेल तर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर पाणी आत घेतं. म्हणजे दोन भोकांपर्यंत पंप जिंकतो. तिसऱ्याला पंप हरतो. पाच भोकं पडली की अडीच-तीन मिनिटांत गुराब तळाला. भोक जितकं खाली तितका जोर जास्त, हे आपल्या नावेच्या बुडातल्या फटीलाही तसंच लागू आहे. डांबर लावून वरच्या फटी भरतो आणि खालची "नंतर बघू" म्हणतो, त्यात गफलत आहे.

पहिल्या लढतीत काय झालं ते ऐका. दुसऱ्या गटाने सत्तर सेंटीमीटरचं अरुंद गलबत केलं होतं. ते मोठं चपळ. गुराब वळेपर्यंत त्याने तिला उजव्या बाजूला तीनदा टोचलं. आम्हाला वाटलं, हळूहळू खाली बसेल, आपण टाळ्या वाजवू. तसं झालं नाही. आत दीड-दोन लिटर पाणी आलं असेल, गुराबने डावीकडे वळण घेतलं, आतलं सगळं पाणी उजव्या बाजूला धावलं आणि गुराब एका क्षणात पालथी. अजून तरंगायची ताकद होती तिच्यात, पण तोल गेला. पालथी होऊन वरून पाणी भरलं आणि गेली. तरंग्याचा दोरा तिच्याच खाली दबला, तरंगा वर आलाच नाही. शेवटी फेकजाळं आणलं. चौथ्या फेकीत एक मृगल आणि गुराब बरोबरच वर आली.

काका तिथेच होते. पडल्यापासून ते पाण्यावर गेले नव्हते, काठावर येऊन बसायचे. ते म्हणाले, "असंच झालं होतं माझं. बुडाला नाही तराफा. पलटला." तेवढंच बोलले आणि उठून घरी गेले.

त्या रात्री पोरांनी हिशेब मांडला. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट जाड थर्माकोल पूर्ण पाण्याखाली ढकलायला पाचशे किलोच्या आसपास वजन लागेल. एक माणूस, जाळं, वीस किलो मासे, याने तो बुडणं शक्यच नाही. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण माणूस उभा राहिला की वजन कमरेच्या उंचीवर जातं, आणि एका कडेला वाकून ओढलं की तराफ्याची ती कड पाण्याखाली जाते. तिथून पुढे त्याला सावरता येत नाही. किती वजन पेलतो आणि किती तोल सांभाळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही इतकी वर्षं संस्थेत आहोत, हे आम्हाला नव्वद सेंटीमीटरच्या गुराबीने शिकवलं हे कबूल करायला लाज वाटत नाही.

गुराबीवर उपाय केला. आत दोन्ही बाजूंना थर्माकोलचे तुकडे भरले आणि मध्ये कण्यावरून चार बोटं रुंद नाली ठेवली. आता पाणी आलं तरी त्या नालीतच राहतं, पंपाकडे जातं, बाजूला धावत नाही. तेव्हापासून गुराब बुडते, पण सरळ बुडते. तरंगा दरवेळी वर येतो. ज्यांच्या फायबरच्या किंवा लाकडाच्या नावा आहेत त्यांनी विचार करा: बुडात साचलेलं पाणी आणि मोकळे टाकलेले मासे, दोन्ही नाव कलते त्याच बाजूला धावतात. दोन आडव्या फळ्या टाकून कप्पे केले तर खर्च किती?

रोज लढाई करायची नसते. संध्याकाळी बायका-पोरं काठावर येतात, तेव्हा गुराब नुसती फिरवायची असते. त्यासाठी दाभण काढून ठेवायचं आणि कागदी खिडक्यांच्या जागी एक्स-रेच्या जुन्या फिल्मचे तुकडे छोट्या स्क्रूने बसवायचे. कडेला सिलिकॉन. फिल्म फाटत नाही, पाणी पीत नाही. दोन डोलकाठ्या आणि शिडं चढवायची. शिडं शोभेचीच, मोटर चालूच असते, पण वारा त्यांना धरतो. पहिल्या दिवशी डोलकाठ्या चढवल्या आणि हौदातच गुराब कलंडली. साडेतीनशे ग्रॅम वजन वर गेलं होतं. मग बुडाशी सहाशे ग्रॅम शिसं वाढवलं तेव्हा उभी राहिली. त्यामुळे ती लढाईपेक्षा अर्ध्या सेंटीमीटरहून थोडी जास्त खाली बसते. पोरांनी बाजूला दोन रेषा रंगवल्या, लाल लढाईची, पांढरी फेरफटक्याची. पांढरी रेषा पाण्याखाली गेली की समजायचं कुठेतरी पाणी शिरतंय.

अशी रेषा खऱ्या जहाजांनाही असते. इंग्लंडचे एक खासदार सॅम्युएल प्लिमसॉल यांनी जहाजमालकांशी भांडून १८७६ मध्ये तिचा कायदा करवून घेतला, कारण मालक जास्त माल भरायचे आणि खलाशी मरायचे. हे वाचून दाखवल्यावर आपल्या तीन नावमालकांनी आपल्या नावेलाही रेषा मारून घेतली. एकाने बरीच वर मारली आहे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

आता दोरीचं. पहिल्यांदा नायलॉनची सुतळी बांधली. नायलॉन पाण्यात बुडतं, तळाला जाऊन खुंटात अडकली. मग तीन मिलिमीटरची पीपी दोरी आणली, ती तरंगते. शंभर मीटर दोरी अर्ध्या किलोच्या आत. गुराब ती नेते. पंख्याला शेवाळ गुंडाळतं म्हणून तारेची जाळी लावली. वारा नसताना नव्वद मीटर अंतर दीड मिनिटात. बारीक दोरी पोचली की समोरचा माणूस ती ओढतो, तिच्या मागे जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधलेली असते, ती त्याच्याकडे जाते. मग आपण काठावरून ओढायचं.

मागच्या रविवारी लढत झाल्यावर हेच करून पाहिलं. साठ मीटरवर एक पोहणारा पोरगा, अंगात लाइफ जॅकेट, बाजूला नाव उभी. पहिल्या फेरीत वाऱ्याने दोरीला मोठा पोट आला, गुराब वाहवत गेली, त्याच्यापासून पंधरा हातांवरून निघून गेली. दुसऱ्या फेरीत वाऱ्याच्या वरच्या बाजूने सोडली, बरोबर पोचली. ट्यूब हातात पडायला एकूण साडेचार मिनिटं. जोराच्या वाऱ्यात ती काम देणार नाही, रात्री देणार नाही, पूर आला तेव्हा तर प्रश्नच नाही. म्हणून लाइफ जॅकेटचा ठराव मागे घ्यायचा, असं ज्यांनी सुचवलं त्यांना आम्ही साफ नाही सांगितलं. ठराव येत्या सभेत येईल आणि त्या दिवशी सगळ्यांनी हजर राहावं, नाहीतर कोरम होत नाही म्हणून पुन्हा पुढे ढकलावं लागतं.

दोरी ओढायला कोण पुढे आलं ते व्हिडिओत नीट दिसत नाही, म्हणून लिहितो. काका होते. दुसऱ्या फेरीत रिमोटही त्यांनीच घेतला होता. वारा कुठून घ्यायचा ते पोरांना कळत नव्हतं, काकांना कळलं.

गुराब सध्या संस्थेच्या कार्यालयात टेबलावर आहे. उजव्या बाजूच्या चार खिडक्या फाटल्यात. पोळ्यानंतरच्या रविवारी पुन्हा लढत ठेवू, तेव्हा ज्यांच्या घरी एक्स-रेच्या जुन्या, कामाच्या नसलेल्या फिल्म पडून असतील त्यांनी आणून द्याव्यात. पतंगाचा कागदही चालेल. दाभणं मात्र आणू नका, गावातून आत्तापर्यंत बावीस आली आहेत.